केसभर आखूड

ओहायोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या जुन्या कार्डांचा बाजार भरला होता. निवृत्त शिंपीण लुएलाने महिनाभर विचार करून १९६३ सालचा संच जमवायचं ठरवलं होतं. त्याआधीचे संच तिच्या पेन्शनला झेपणारे नव्हते.

ग्रॅडी नावाच्या विक्रेत्याने तिच्यापुढे करकरीत कार्डं मांडली. "इतक्या स्वस्तात अशी कुठे मिळायची नाहीत, आजी."

लुएलाने त्यातलं एक आपल्याजवळच्या मळक्या कार्डावर ठेवलं. ते केसभर आखूड भरलं. तिचं डोकंच फिरलं.

"कडा कापून नवी केलीस होय रे?"

"जुना कागद आकसतो, आजी."

"एकाच बाजूने? चाळीस वर्षं कात्री चालवलीय मी, मला शिकवतोस?"

तिचा आवाज ऐकून माणसं जमली. एकाने ग्रॅडीकडूनच घेतलेली कार्डं पट्टीने मोजायला काढली, तसा ग्रॅडी खोकी आवरू लागला.

पलीकडच्या टेबलावर त्याच सालची घड्या पडलेली कार्डं होती. काही खेळाडूंना कुणा पोराने पेनाने मिशा काढल्या होत्या. लुएलाने तीस कार्डं निवडली आणि पैसे टेबलावर आपटले. त्या टेबलामागच्या बिचाऱ्या विक्रेत्याला कळेना, आपलं काय चुकलं.