उजेड वळवणारं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दोन काळसर काचा समोरासमोर उभ्या, मागं दिवा. कणबाबांनी मधे साध्या पाण्याची बरणी ठेवली. मिट्ट काळोख. मग स्वतःच्या लालसर पाण्याची ठेवली आणि काचेतून झळाळून उजेड फुटला! लोकांनी श्वास रोखले.

"पाहिलंत? हे सोन्याचे कण, केसाहून हजारपट बारीक! शरीरात डावं-उजवं बिघडतं, म्हणून रोग होतो. माझ्या मंत्रानं हे कण उजवे झालेत, उजेडालासुद्धा वळवतात. गोळ्या फेका, तीन घोट घ्या!"

"पण फार गोड लागतं हो," एक आजी म्हणाल्या.

"अमृत काय कडू असतं, आजी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेतल्या ताईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांची तीस वर्षं अशाच बारीक कणांच्या कामात गेली होती. काही रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. दिसायला जुळे, पण डाव्याचा मोजा उजव्याला बसत नाही. धातूच्या अतिसूक्ष्म कणांना ताई एकाच हाताचे रेणू चिकटवत. मग त्या कणांवर तयार होणारं औषधही बहुतेक हव्या त्याच हाताचं निघे. या कामाला कधी कुणी टाळी वाजवली नव्हती.

घरी दोघंच. ताई आणि त्यांचे मोठे भाऊ, वहिनी गेल्यापासून अबोल झालेले दादा. दोन ताटं, दोन खोल्या. आठ दिवसांपूर्वी दादांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. आज सकाळी रक्तातली साखर तीनशे ऐंशी.

"दादा, सोड रे ते पाणी," ताई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"तू सुई टोचतेस, आकडा सांगतेस आणि निघून जातेस. बाबा हात धरून विचारतात, कसे आहात म्हणून."

आता पुढच्या रांगेत दादांची पाठ दिसत होती. त्या उठल्या.

"महाराज, एक कोरी चाचणी करू द्या. आमच्या प्रयोगशाळेत रीत आहे. काही नवल दिसलं, की मुख्य जिन्नस वगळून तोच प्रयोग पुन्हा करायचा."

"ताई, श्रद्धा नसेल तर प्रचिती येत नाही!"

"काचेला कुठली आलीय श्रद्धा?"

लोक हसले, आता बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. ताईंनी पिशवीतून बाटली काढली. "भावाकडचं तुमचं पाणी मी चाखलं, नुसती साखर. म्हणून हा सकाळी ओट्यावर केलेला साखरेचा पाक. यात सोनं नाही, मंत्रही नाही." रिकाम्या बरणीत पाक ओतून ती काचांमधे ठेवली.

उजेड फुटला. तसाच.

"पहिली काच उजेडाला एकाच दिशेनं डोलायला लावते, आडवी बसवलेली दुसरी त्याला अडवते. साखरेचे रेणू सगळे एकाच हाताचे, ते उजेडाला पिळतात, म्हणून तो निसटतो. खरे कण असतात, मी रोज करते. पण ते बंद भांड्यात राबतात आणि काम झालं की त्यांना गाळून काढतात, कुणी पीत नाही." ताई लोकांकडे वळल्या. "तरुणपणी मीही फसलेय. कणांवरून सुटलेला रेणू औषधात मिसळला होता. उजेड त्यानं वळवला आणि मी हव्या हाताचं औषध साधलं म्हणून नाचले. कोऱ्या चाचणीनं तोंडघशी पाडलं."

"ध्यानाची वेळ झाली," म्हणत कणबाबा मागच्या दारानं पसार झाले. पण ताईंचा जयजयकार झाला नाही. "आमची तेवढी आशा होती हो," म्हणून आजी निघून गेल्या. सभागृह रिकामं झालं. खुर्च्यांच्या रानात दादा एकटेच बसून होते.

ताई शेजारी बसल्या. सुई नव्हती, आकडा नव्हता. त्यांनी दादांचा हात हातात घेतला.

"कसा आहेस रे?"

दादा म्हणाले, "सारखी तहान लागते गं. घरात बोलायलाही कुणी नाही."

"चल, आधी डॉक्टरांकडे. वाटेत बोलू."

बाबांनो, देव कोऱ्या चाचणीला भीत नाही. भितो तो देवाच्या नावानं दुकान मांडणारा. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यातलं सोनं काढलं, मंत्र काढला, तरी हे घडतं का? आणि घरातल्या एकट्या माणसाचा हात मात्र कुठल्याही चाचणीवाचून धरा. नाहीतर तो धरायला कुणीतरी बाबा टपलेलाच असतो.