पायी लढलेल्या वीराचा टाक

मित्रांनो, मी एक जुना, झिजलेला टाक आहे. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा चांदीचा छोटा पत्रा. अमळनेरच्या सोनाराने माझ्यावर सखाराम ठोकला. सखाराम हा घराण्याचा वीर, लढाईत पडलेला पूर्वज. साधा शिपाई गडी. पायात वहाण नाही, हातात भाला. गावाच्या वेशीत पाय रोवून उभा राहिला आणि तिथेच पडला.

दर धुळवडीला मला लाल फडक्यात बांधून डफावर नाचवत. काय तो मान! पुढे त्याच वंशातले पंडित नावाचे गृहस्थ कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला गुजराती मुलखात कडोदऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मला लुगड्याच्या घडीत घालून आणले. संसार एका खोलीचा, पण चिंचेने घासून माझी आंघोळ कधी चुकली नाही. एकदा कारखाना बंद पडला. लेकरे पाणी पिऊन निजली, तरी मालतीबाईंनी मला सोनाराची पायरी दाखवली नाही. त्यांच्याच हातांनी घासून घासून माझा सखाराम पुसट झाला.

पंडित गेले. मुलगा चेतन तिकडच्याच शहरात, पर्वत पाटिया भागात, साड्यांचा व्यापारी झाला आणि वीरवंशज मंडळात शिरला. तिथे धुळवडीला टाकांचे पूजन होते, वंशजांना फेटे बांधतात. चेतन मला घेऊन नाव नोंदवायला गेला. अध्यक्षांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"चेतनभाई, यात तर काहीच दिसत नाही. घोडा कुठे?"

सगळे हसले. चेतनचे तोंड एवढेसे झाले. घरी येऊन म्हणाला, "आई, नवा टाक करू. घोडेस्वार."

"आपला वीर पायी लढना रे! हाऊ घोडा कथाईन उना?" हा घोडा आला कुठून, म्हणून मालतीबाई अहिराणीत कडाडल्या.

"सगळ्यांच्या टाकावर घोडा आहे. आपलाच पायी? सारुं नथी लागतुं, शोभत नाही!"

मालतीबाईंनी मला पदराच्या गाठीत बांधले. चेतनने ती गाठ सोडली.

वा रे वंशज! म्हणे पूर्वजांचा अभिमान! ज्याने जन्मात घोड्यावर टांग टाकली नाही, त्याच्या पायांची यांना लाज वाटते. उपाशीपोटी मला कोणी सोनाराकडे नेले नाही, भरल्या पोटी नेले. आज मी सोनाराच्या डबीत पडून आहे. उद्या मला आटवून माझ्याच चांदीचा घोडा ठोकणार आहेत.

मित्रांनो, घरातली झिजलेली वस्तू टाकण्याआधी एवढे विचारा, ती कोणाच्या हातांनी झिजली. धुळवडीला मंडळात माझ्यावर फुले पडतील. मालतीबाई हात जोडतील की नाही, ठाऊक नाही. मला मात्र त्यांच्याकडे पाहायची हिंमत होणार नाही.