कलशातला मूळपुरुष

कोरगावात बाबलीबुवाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर पितळी कलश, कलशावर नारळ, आणि आतून साक्षात गावचा मूळपुरुष बोलत होता! आवाज घोगरा, डब्यात कोंडल्यासारखा. कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेला हा माणूस पेडण्याच्या बसची वेळसुद्धा अचूक सांगे.

"वायर नाही, सिमकार्ड नाही!" बुवा गरजला. "पितृलोकात रिचार्ज लागत नाही! नेम एकच. माझा हात कलशावर असेल तेव्हाच विचारायचं."

सेजलने मांडीवरच्या सिद्धीला घट्ट धरलं. दोन वर्षांच्या त्या पोरीला फिट्स येत. औषध सुरू झाल्यापासून चार महिन्यांत एकही आली नव्हती. काल मूळपुरुषाने हुकूम सोडला, 'औषध बंद!' आणि सासूने, देवकीबाईंनी, बाटली कपाटात घालून कुलूप लावलं. औषध एकदम तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रात्रीचा डोस चुकला, आता सकाळचाही टळत होता. सेजल लेकीच्या पापण्यांवरून नजर हलवत नव्हती.

पहाटेच तिने कृष्णनाथ सरांना फोन केला होता. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. परवाना काढून हौशी रेडिओ चालवणारे.

"हात ठेवल्याशिवाय ऐकू जात नाही? उत्तराआधी दोनतीन सेकंद शांतता?" सर हसले होते. "अगो, हा तर माझाच छंद! त्याला गाऱ्हाणं घालायला लाव."

सेजल उठली. "बुवा, आधी माझ्या लेकीसाठी मूळपुरुषाला गाऱ्हाणं घाला. सगळ्यांसमोर."

"गप रव गो!" देवकीबाईंनी पदर ओढला. पण बुवा फुगला होता. कलशावर हात दाबून त्याने सूर लावला.

"बा मूळपुरुषा! ह्या लेकराचा औषध बंद करून, त्येका तुझ्या पायार घातला असा..."

"व्हय महाराजा!" मांडव गरजला.

"जी काय इडापिडा आसात, ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

बुवाने हात उचलला. सगळे चिडीचूप. एक, दोन, तीन... आणि कलशातून भक्तिभावाने आवाज आला, "व्हय महाराजा!"

म्हातारी शेवंती फिसकन हसली. "मूळपुरुष कोणाक गाऱ्हाणा घालता रे?"

गर्दीत मागे उभ्या असलेल्या कृष्णनाथ सरांनी पुढे होऊन नारळ उचलला. आत लाल फडक्यात वॉकीटॉकी होता. तेवढ्यात तोच बोलला, "मामा, झाला मा? मी जेवूक जाऊ?"

आता आवाज सगळ्यांनी ओळखला: बुवाचा मुळगावातला भाचा, सगुण. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडायचंच.

"मागच्या खोलीत वायफायला जोडलेली एक डबी असेल, बघा," सर म्हणाले. "आवाजाचे आकडे होऊन ते इंटरनेटवरून मुळगावला जातात. तिथल्या यंत्रात पुन्हा आवाज होतो. म्हणून उत्तराला उशीर. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. नारळ दाबला की आतलं बटण दाबलं जातं, म्हणून बुवाचा हात! मी असाच केनियातल्या मित्राशी गप्पा मारतो. तो बिचारा जिवंत आहे, आणि माझ्या गुडघेदुखीवर एकदाही उपाय सांगत नाही."

बुवा भाविकांची पायताणं तुडवत मागच्या दाराने निसटला.

देवकीबाईंचा चेहरा उतरला. "पण आवाज खरोच होतो मगे?"

"आवाज खराच होता, आई. पण काल औषध बंद म्हणाला, तेव्हा 'का' म्हणून कुणी विचारलं?" सेजल सगळ्यांकडे वळली. "डॉक्टरांना मी दहा वेळा विचारलं, दहाही वेळा त्यांनी कारण सांगितलं. तुमच्या लेकरांसाठी एवढं तरी विचारा. आवाज कलशातून येवो नाहीतर फोनमधून."

देवकीबाईंनी कमरेला लावलेली कपाटाची किल्ली सोडली, सुनेच्या हातात दिली आणि सिद्धीला कडेवर घेतलं.

"तू धाव पुढे. मी पोरीक घेऊन येतंय."