वर चढून बसलेला स्वल्पविराम

सकाळपासून ती मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होती. रुग्णालयात वॉर्ड मदतनिसाची एक जागा होती, आणि त्यासाठी इंग्रजीतलं एक कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढीच परीक्षा. एवढीच म्हणायला. छापखाना बंद पडून आठ महिने झाले होते, नवरा घरी बसून होता. आज ती नापास झाली तर घरात कमावणारं कोणीच नसणार होतं.

शिकवणी नवऱ्याचीच. त्यानं तीस वर्षं इंग्रजीचे खिळे जुळवले होते, शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी बसवल्या होत्या. इंग्रजी बोलायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि शिकवणी सुरू करताना ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. आखूड केलेले शब्द शिकवायला त्यानं आठवण म्हणून जपलेले खिळे टेबलावर मांडले. 'डू नॉट'. मधली फट मिटवली, 'नॉट'मधला ओ उचलला आणि त्याच्या जागी इवलंसं चिन्ह बसवलं.

"हे बघ. स्वल्पविरामापाशी आपण थांबतो ना? हा त्याचाच भाऊ, वर चढून बसलाय. इथंही थांबायचं. डोन... ट."

महिनाभर ती थांबायला शिकली. भांडी घासताना थांबली, जिना चढताना थांबली. शेजारणीनं विचारलं, उचकी लागली का गं तुला.

परीक्षेच्या खोलीला नुसती प्लायची भिंत होती. बाहेरच्या बाकावर दोघं बसले असताना कारकुनानं दाखल्याची आणखी एक प्रत मागितली, म्हणून नवरा खाली झेरॉक्स काढायला गेला. तेवढ्यात तिच्या आधीची मुलगी आत गेली आणि तिचं वाचन बाहेर ऐकू आलं. डोन्ट वरी. आयल कॉल द नर्स. कुठंही थांबा नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, "व्हेरी गुड."

म्हणजे महिनाभराचं सगळं पाण्यात. नवऱ्याचा तिला राग आला, चांगला सणसणीत. स्वतःला येत नाही तर शिकवायला कशाला बसायचं माणसानं?

तो धापा टाकत जिना चढून आला. प्रत तिच्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "थांबायला विसरू नकोस हं." मग भिंतीला जवळजवळ कान लावूनच बसला. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. त्यानं शिकवलं तसं वाचलं तर नोकरी जाणार. त्या मुलीसारखं वाचलं तर हा सगळं ऐकणार.

तिला आत बोलावलं. कार्ड तेच होतं.

"डोन..." जीभ सवयीनं थांबली. बाईंनी पेन्सिल उचलली आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

तिनं डोळे कार्डावर रोवले आणि एका दमात, कुठंही न थांबता, शेवटपर्यंत वाचलं. आपण भिंतीपलीकडच्या माणसाच्या तोंडावर दार लावतोय असं तिला वाटत राहिलं.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या.

बाहेर तो फरशीकडे बघत बसला होता. तिनं थाप तयार ठेवली होती. "झालं माझं काम. घाबरले होते हो, म्हणून घाईत वाचलं."

"कळलं मला," तो म्हणाला. "थांबायचं नसतं तिथं."

"तुम्ही शिकवलंत म्हणून तर अक्षरं ओळखता आली मला."

त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. ते याच रुग्णालयाचं बोलावणं होतं, शिपायाच्या जागेसाठी, येत्या गुरुवारचं. वर त्याचं नाव होतं. परीक्षा हीच, खोली हीच.

"तुझं होईपर्यंत सांगायचं नव्हतं," तो म्हणाला. "चारच दिवस आहेत. आता तू शिकव मला."

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"डोन्ट," ती म्हणाली.

"डोन," तो म्हणाला, आणि थांबला.