टॉलीच्या राईतलं स्वागत

"विचारायचं नाही, हेस्टर. कुण्णाला काही विचारायचं नाही. फाटक उघडायचं, आत शिरायचं, पलीकडच्या फाटकातून बाहेर पडायचं. विचारणाऱ्याला माणूस नाही म्हणू शकतो. चालणाऱ्याला काय म्हणणार?"

नेसामावशीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी टॉलीच्या राईच्या फाटकाला हात लावला की हेस्टरच्या कानात हा आवाज हटकून यायचा. जन्मभर चर्चमध्ये सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाऊन खरखरीत झालेला आवाज.

राई तरी केवढी? या टोकाला शीळ घातली तर त्या टोकाचे कावळे उडावेत, एवढीच. थोडे जुने ओक, खाली हेझलच्या झुडपांची दाटी, मध्ये एक ओहोळ आणि त्यावर टाकलेली फळी. पण तिच्यातून गेलं की चर्च, दवाखाना आणि बसचा थांबा अगदी हाताशी. नाहीतर मोठ्या रस्त्याने वळसा. त्या रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही, दोन्हीकडे झाडांची उंच कुंपणं, आणि खाणीवरून दगड भरून येणारे ट्रक वळणावर अंगावर आल्याखेरीज दिसत नाहीत. मावशीच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा पाय त्याच वळणावर गेला. त्या दिवसापासून मावशीने राईतून जायचा नेम धरला होता.

जुना मालक खमक्या होता. वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप घालायचा, राई माझी आहे हे कुणी विसरू नये म्हणून. तो गेला. त्याच्या मुली परदेशी. त्यांना कुलपाची आठवण राहिली नाही, मावशीला राहिली. वीस वर्षं लोक उजळ माथ्याने, कुणाला न विचारता, कुणी न अडवता चालले, की कायद्याने वाट गावाची होते. मग मालक कुणीही येवो. पण परवानगीने चालाल तर जन्मभर चालूनही पाहुणेच. मावशी पावसातून गेली, बर्फातून गेली, आणि शेवटी अंथरुणावरून म्हणाली, "आता थोडंच राहिलंय. ते तू चाल."

हेस्टरने हो म्हटलं. हेस्टर हो म्हणाली की ती दगडावरची रेघ. सकाळची प्रार्थना, मग राई, मग चहा. ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे असले तर चहा बिनसाखरेचा. हा क्रम तापातसुद्धा मोडला नव्हता. शेवटचं कुलूप पडल्याला येत्या सुगीच्या सणाला वीस वर्षं भरणार होती.

आणि टॅन्सी आली.

टॅन्सी आणि तिचा नवरा रूपर्ट, शहरातली तरुण माणसं. राईला लागून असलेलं घर त्यांनी घेतलं, घराबरोबर राईही घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात फाटकावर पाटी लावली. हिरव्या रंगाची, कोपऱ्यात छत्री घेतलेला कोल्हा काढलेली. 'आमच्या राईत तुमचं मनापासून स्वागत! हवं तेव्हा या, हवं तितकं फिरा.'

हेस्टरने पाटी दोनदा वाचली. काटेरी तार घातली असती तर गाव पेटून उठलं असतं. कुत्रा सोडला असता तर बायका छत्र्या घेऊन गेल्या असत्या. पण स्वागत! स्वागताशी भांडायचं कसं?

रविवारी प्रार्थना संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी तिने बेरिलला गाठलं. बेरिल कप भरायची, त्यामुळे तिच्या कानावर घातलं की गावाच्या कानावर जायचं.

"किती गोड माणसं गं," हेस्टरने तोंड उघडायच्या आत बेरिलच म्हणाली. "आधीच्यांनी कधी साधं गुड मॉर्निंग म्हटलं नाही."

"बेरिल, ती पाटी म्हणजे परवानगी आहे."

"हो ना! न मागता दिली!"

"आपल्याला नकोय ती."

"म्हणजे तुला राईत जायचं नाही?"

"जायचंय. रोज जाते."

"मग जा ना बाई. लिहिलंयच की तिथे." बेरिलने तिच्या बशीत एक जास्तीचं बिस्कीट ठेवलं, जसं काही हिला बरं नाहीये.

पुढचे काही महिने हेस्टरने जे सोसलं त्याला नाव नव्हतं. ती फाटकाशी पोचायची आणि पलीकडच्या भाजीच्या वाफ्यातून टॅन्सी हात हलवायची, "या या, हेस्टर! खुशाल जा!" आणि हेस्टरच्या तोंडून निघून जायचं, "थँक यू." ओहोळाच्या फळीपर्यंत पोचेतो ती स्वतःवर दात खात असे. तिने वेळ बदलून पाहिली, तर टॅन्सी कुत्र्याला घेऊन हजर. एकदा हाक ऐकू न आल्यासारखं केलं, तर संध्याकाळी टॅन्सी दारात. "हेस्टर, तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाऊ का? माझी गाडी मोकळीच असते." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि बुक्क्याही लोकरीच्या हातमोज्यांतल्या.

वर घरचा अहेर निराळाच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचा नवरा क्लेमंट शीळ घालत घरी आला.

"कुठे होतास?"

"टॅन्सीकडे. तुझ्या मार्मालेडची एक बरणी देऊन आलो."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? तू रोज त्यांच्या राईतून जातेस. म्हटलं, आभार मानावेत."

हेस्टर खुर्चीत बसली. "काय म्हणालास नेमकं?"

"म्हटलं, आमच्या हेस्टरला जाऊ देता, फार उपकार आहेत."

"उपकार."

"अगं, बोलायची रीत असते."

"क्लेमंट, मावशी गुडघाभर बर्फातून गेली ती काय उपकारावर?"

क्लेमंटच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. त्याने टोपी काढली, परत घातली. "बरणी मागून आणू का?"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. आणि अर्धी संपलीही असेल. रूपर्टने माझ्यासमोरच चमचा घातला."

मार्च उजाडला. हेझलचे पिवळे तुरे झडून गेले, ओहोळाच्या काठाला रानलसणीचा वास सुटला, आणि एका शुक्रवारी टॅन्सी चिखलाचे बूट दारात काढून हेस्टरच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"दोन गोष्टी आहेत, हेस्टर. एक छान, एक कंटाळवाणी. छान आधी. ओहोळाजवळ एक बाक करून घ्यावा म्हणतोय, तुमच्या मावशीच्या नावाने. लोक सांगतात, त्यांचं राईवर फार प्रेम होतं."

मावशी त्या राईत आयुष्यात कधी बसली नव्हती. तिला चिखल आवडत नसे, पाखरांची नावं ठाऊक नव्हती, आणि निळ्या घंटाफुलांचा गालिचा बघायला शहरातून येणाऱ्यांना ती 'वाटेतली गर्दी' म्हणे. तिचं प्रेम होतं ते पलीकडच्या फाटकावर. हेस्टरला हे सगळं बोलायचं होतं. ती म्हणाली, "किती छान कल्पना."

"आता कंटाळवाणी. आमचा वकील म्हणतो, वर्षातून एक दिवस फाटकांना कुलूप घाला. नुसता उपचार हो. येत्या मंगळवारी घालतोय. मी म्हटलं, आमच्या हेस्टर रोज जातात, त्यांना विचारल्याशिवाय नाही. एक दिवस नाही आलात तर चालेल ना? वाईट नाही ना वाटणार?"

"अजिबात नाही," हेस्टर म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मंगळवारी नाही येणार मी."

टॅन्सीने तिला मिठी मारली आणि बूट घालून गेली.

कुणी पायावर पाय दिला तरी आधी आपण सॉरी म्हणायचं, या वळणात हेस्टर वाढलेली. ते 'अजिबात नाही' तिच्या मनातून आलंच नव्हतं. ते तिच्या आईच्या, आजीच्या, अख्ख्या गावाच्या सवयीतून आलं होतं. पण तोंड तिचं होतं. आता मावशीला दिलेला शब्द आणि टॅन्सीला दिलेला शब्द कुत्र्या-मांजरासारखे एकमेकांसमोर उभे राहिले. मंगळवारी कुलूप पडलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही, तर गावाने ते मान्य केलं असंच होणार. मग मावशीची सगळी वर्षं मातीत. आणि टॅन्सीला दिलेला शब्द मोडून फाटकावरून चढून जायचं, हेही हेस्टरकडून होणार नव्हतं. शब्द वेड्यासारखा दिला म्हणून तो शब्द नव्हे असं थोडंच असतं?

"मग जाऊन सांग तिला," क्लेमंट शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला.

"काय सांगू? तुमचं स्वागत नको?"

"हो."

"असं कोण सांगतं?"

"फ्रेंच लोक सांगत असतील."

हेस्टरने चहाची किटली इतक्या जोरात ठेवली की झाकण उडालं.

त्या संध्याकाळी ती पलंगाशी गुडघे टेकून बसली, पण प्रार्थनेचे नेहमीचे शब्द येईनात. 'देवा,' ती मनात म्हणाली, 'शत्रूवर प्रेम करा म्हणालास, ते मी कसंबसं करते. पण शेजारी प्रेमानेच जीव घेतात, त्यावर तू काही सांगून ठेवलं नाहीस.' आणि हे म्हणताना तिला दुसरीच एक गोष्ट टोचायला लागली. जुन्या मालकाच्या डोळ्यांदेखत मावशी चालायची, पण त्याच्या घरचा चहा तिने कधी घेतला नाही. हेस्टर मात्र टॅन्सीने बोलावलं की तिच्या टेबलाशी बसून केक खात होती आणि मनात वर्षं मोजत होती. उजळ माथा म्हणतात तो हाच का? टॅन्सीला काही ठाऊक नव्हतं. त्या पोरीने मनापासून हात पुढे केला होता, आणि ही बाई तो हातात घेऊन पाठीमागे दुसरा हिशेब करत होती.

गुडघे दुखायला लागले तरी ती उठली नाही. शेवटी म्हणाली, 'मंगळवार मावळायच्या आत मी तिला तोंडावर सांगेन. तुझ्यापाशी शब्द देते.' सांगितल्यावर कोल्ह्याच्या पाटीच्या जागी कुठली पाटी येईल हे तिला दिसत होतं. त्या दिवसापासून हात हलणार नाही, केक येणार नाही, वकील जागा होईल, आणि बेरिल सगळ्या गावाला सांगेल की हेस्टरचं डोकं फिरलंय. वाट मिळेलच असंही नाही. तरीही तिने शब्द दिला.

मंगळवारची वाट कशाला बघायची म्हणून ती सोमवारीच गेली. जाताना फाटकापर्यंत वाक्य घोळवलं: 'टॅन्सी, आम्ही तुमच्या मर्जीने चालत नाही. ही वाट गावाची आहे.' दोन वाक्यं. शाळेतल्या मुलालाही जमतील.

तासाभराने ती परत आली आणि कोट न काढता उभी राहिली.

"सांगितलंस?" क्लेमंटने विचारलं.

"रूपर्टला सर्दी झाली होती."

"बरं."

"तिने लिंबाचा केक केला होता."

"बरं. आणि?"

"आणि..." हेस्टरने हातमोजे ओढून काढले. "बाकासाठी ओकचं लाकूड ठरलं. मी पसंत केलं."

क्लेमंटने बराच वेळ ओठ आवळून धरले. मग त्याचे खांदे हलायला लागले, चष्मा नाकावरून घसरला, आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हेस्टरलाही क्षणभर हसू आलं, आणि मग ते हसू कुठेतरी अडकून रडूच आलं. साठी उलटलेली बाई, कोटासकट, स्वयंपाकघरात उभी राहून रडली. दुःखाने नव्हे, निव्वळ वैतागाने. दोन वाक्यं! रोज एवढी प्रार्थना करणाऱ्या जिभेला दोन सरळ वाक्यं झेपू नयेत? क्लेमंटने हसणं थांबवलं. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि उपास विसरून त्यात साखर घातली. तिने एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

"उद्या मी येऊ बरोबर?" त्याने विचारलं.

"तू आलास तर आपण दोघं मिळून बाकाला उशी ठरवून येऊ."

मंगळवारी सकाळी तिची प्रार्थना रोजच्यापेक्षा लवकर संपली. तिने सपाट टाचांचे बूट घातले, मावशीच्या मैत्रिणीच्या लेकीने दिलेला लाल मफलर गुंडाळला, ट्रकवाल्यांना लांबून दिसावा म्हणून. क्लेमंट फळीवरून एक बरणी काढून पुसत होता.

"हे घेऊन जा. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"आज रिकाम्या हातानेच."

त्याने बरणी परत ठेवली. "परत येईस्तोवर मी सूप गरम ठेवतो," तो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

फाटकाला नवी कोरी साखळी होती. हेस्टर तिथे थांबली नाही. राईत पाऊल ठेवणार नाही असा शब्द होता, तो तिने पाळला, आणि मोठ्या रस्त्याला लागली. वळणावर एक ट्रक गर्जत आला. ती कुंपणात पाठ रुतवून उभी राहिली, काटे कोटातून आत टोचले, धूळ तोंडावर बसली. ट्रक गेला. तिने मफलर सारखा केला, टॅन्सीच्या पुढच्या दाराच्या दिशेने तोंड केलं, आणि ती दोन वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत चालायला लागली.