देवरामने टाकलेलं पत्र

“सुके गंऽऽ, कुठं ऱ्हायलीस गंऽऽ!”

थोरल्या बहिणीची, माघीची हाक अशी यायची. वरच्या नागलीच्या वरकसातून, डोंगरउतारावरच्या शेतातून सुटायची, ओहळावरून घसरत यायची आणि करवंदीच्या जाळीत करवंदं खाऊन तोंड काळं करून बसलेल्या सात वर्षांच्या सुकीला बरोबर हुडकून काढायची. आई गेल्यावर सुकी त्या हाकेवरच वाढली. जात्यावर बसली की माघी गायची,

डोंगराच्या आड गं, वाट कुणाची दिसेना
बहिणीची हाक माझ्या, कानाआड होईना

आश्रमशाळेच्या हजेरीत सुकीची प्रतिभा झाली. कॉलेजात गेल्यावर तिची बोली घासूनपुसून लख्ख झाली. आवाज मात्र माघीचाच राहिला. तोच आवाज घेऊन ती आधी रेडिओच्या दारात उभी राहिली आणि मग टीव्हीच्या. आता ‘बोल गं बाई’ या तिच्या कार्यक्रमात दर गुरुवारी कुणीतरी बाई येऊन वर्षानुवर्षं गिळलेलं बोलून टाकायची. प्रतिभाताई नुसता गुडघ्यावर हात ठेवायच्या, की समोरचीला पाझर फुटायचा. सगळा महाराष्ट्र डोळे पुसायचा.

आणि आज, भर दुपारी, तीच प्रतिभाताई जव्हारकडच्या वांगणीजवळच्या आपल्या पाड्यावर, माघीच्या अंगणात, पदराला माईक लावून बसली होती.

आली नसती ती. बारा वर्षं सणावाराला लुगडी धाडली, मनीऑर्डरी धाडल्या. येऊन बसली नाही. पण मार्चअखेर करार संपत होता. वरचे लोक नव्या, कोवळ्या चेहऱ्याची भाषा बोलू लागले होते. दिग्दर्शक उमेशने तोडगा काढला, “ताई, तुमचंच माहेर दाखवू. हा भाग चालला तर कोण तुम्हाला हात लावतंय!” नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं. सांगता येण्याजोगं नव्हतं.

कारण होतं एक पत्र.

बारा वर्षांपूर्वीचा भादवा. पाड्यावरची पोरं तापाने फणफणत होती, जुलाबाने वाळत होती. माघीची पारू तीन वर्षांची. वाटा चिखलाने बुजलेल्या, दवाखान्याची जीप कुणी वर काढेना. पाड्याने बसून विचार केला, कचेरीत आपलं कोण ऐकतो? आपली सुकी तर रेडिओवर बोलते. ती बोलली की सरकार ऐकणार, डॉक्टरची गाडी येणार. शाळेतल्या गुरुजींनी पत्र लिहिलं. माघीच्या नवऱ्याने, देवरामने, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्याच्या फडक्यात बांधलं आणि धो धो पावसात चालत जव्हार गाठून टपालपेटीत टाकलं.

मग सारा पाडा रेडिओभोवती बसला. कुणी म्हणालं, पोरीला झोळीत घालून दवाखान्यात नेऊ. माघी म्हणाली, “आज सुकी बोलंल. गाडी येईल. पोर पावसात नका भिजवू.” त्या दिवशी सुकी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी पारू गेली.

पत्र तिसऱ्या दिवशीच मिळालं होतं. सुकी तेव्हा हंगामी निवेदिका. महिन्याला सहा ड्युट्या, आणि मंजूर कागदाबाहेरचा एक शब्द तोंडातून गेला तर सातवी नाही. कायमच्या जागेची परीक्षा सोमवारवर आलेली. तिने स्टुडिओबाहेरच्या बोळकांडीत उभ्याने पत्र वाचलं. परत वाचलं. परीक्षा झाली की साहेबांना दाखवू, असं मनाशी म्हणत पर्समध्ये घातलं. लाल दिवा लागला आणि तिने हसऱ्या आवाजात पुढच्या गाण्याची फर्माइश वाचली.

पारूच्या दिवसकार्याला गेली तेव्हा माघीने एवढंच विचारलं, “पत्र मिळालं न्हवतं तुला?”

“कुठलं पत्र?” सुकी म्हणाली.

दोन शब्द. तेच देवरामच्या मानगुटीवर बसले. देवराम कधीमधी ताडी घ्यायचा. पाड्याने हिशेब जुळवून टाकला: ताडीच्या झाडाखाली बसला असेल, पत्र पावसात वाहून गेलं असेल. माघीने त्याला घराबाहेर काढलं नाही. त्याच्याशी बोलणं मात्र सोडलं. भाकर ताटात, ताट उंबऱ्यावर. बारा वर्षं.

“रोलिंग!” उमेश म्हणाला.

माघीच्या चेहऱ्यावर सावली येत होती, म्हणून उमेशने थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा देवरामच्या हातात दिला होता. त्यावर ऊन झेलायचं आणि माघीच्या तोंडावर पाडायचं. देवराम तो पत्रा छातीशी धरून उभा होता. बायकोच्या तोंडाकडे इतकं सरळ बघायची मुभा त्याला कितीतरी वर्षांनी मिळाली असावी.

“माघीबाय, पारूचं सांगतेस?” प्रतिभाने विचारलं. हात सवयीने माघीच्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच थिजला.

माघी बोलली. रडली नाही. “पोर शेवटाला रेडिओकडंच बोट करायची. मावशी, मावशी म्हनायची. मी म्हनायची, थांब, बोलंल आता. पन बोलंल कशी बिचारी? तिला कागदच नाय गेला. त्यो पोचवायला धाडलेला मानूस...” तिने देवरामकडे पाहिलंही नाही. “आमच्यात म्हंतात, दगडाच्या हाती निरोप दिला तर त्यो नदीत बुडतो.”

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड थरथरू लागला.

“काका, हलू नका!” उमेश ओरडला. “लाइट हलतोय.”

“नाय हलत, सायेब,” देवराम म्हणाला.

चहासाठी सगळे थांबले तेव्हा प्रतिभा कुडाच्या आडोशाला गेली. देवराम तिथेच होता, पत्रा अजून हातात.

“खाली ठेवा की, भाऊजी.”

“राहू दे गं. वसईच्या खाडीत रेतीच्या टोपल्या उचलल्या, ह्यो तर पापड हाय.” तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. “टीव्हीत बरी दिसतेस. आमच्या खाडीवरची भैया लोकं बी बघतात तुला. मी सांगतो, मेरा साली है. कोन पन मानत नाय.”

तिला हसू आलं नाही. “भाऊजी, तुम्ही पत्र टाकलं होतं ना?”

देवरामने पांढऱ्या पत्र्याची कड बोटाने पुसली.

“आधी म्हनायचो टाकलं. शपथ घ्यायचो. लाल पेटी, तिच्यावर कावळा बसला व्हता, हे पन दिसायचं मला. पन समदीच म्हनत्यात नाय टाकलं, मंग...” त्याने मान हलवली. “आता मला बी तसंच वाटतं, सुके. नसंल टाकलं. ताडी घेतली असंल. कावळा दुसऱ्या कवाचा असंल. पोर माझ्याच हातानं गेली.”

प्रतिभाने कुडाची काठी धरली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण ह्या माणसाची अब्रू घेतली. अब्रू तर किरकोळ होती. त्याने पावसात चाललेली वाट, त्याची लाल पेटी, त्याचा कावळा, सगळं तिने नेलं होतं, आणि तो स्वतःच्याच डोक्यात आता चोर होऊन राहत होता. लाखो लोकांसमोर बायकांना बोलतं करणारी बाई, आणि एका पडक्या दातांच्या माणसापुढे तिच्या जिभेला टाळा.

“ताई!” उमेश धावत आला, डोळे चमकत होते. “भारी सुचलंय. काकांनाच बसवू समोर. काका माघीताईंची माफी मागतील, तुम्ही दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. बारा वर्षांनी! सांगतो तुम्हाला, करार तिथल्या तिथे.”

“त्यांना नको बसवू,” प्रतिभा कशीबशी म्हणाली.

“मागतो की मी,” देवराम म्हणाला. “मागायचीच हाय. कवा तरी.”

त्याने पत्रा भिंतीला टेकवला, फडकं सोडून तोंड पुसलं आणि माघीसमोर मांडी घालून बसला. पोरंटोरं कुंपणाशी गोळा झाली. माघीने पदर पुढे ओढला. प्रतिभा दोघांच्या मध्ये. तिला ठाऊक होतं, आता गप्प राहिलं तर करार राहील, बहीण राहील, माहेर राहील. दिवाळीला लुगडं धाडता येईल. आणि हा माणूस न केलेल्या पापाची माफी साऱ्या महाराष्ट्रासमोर मागेल, माघी ती देईल किंवा देणार नाही.

“रोलिंग.”

देवरामने हात जोडले. “माघे,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांनी त्याने तिचं नाव घेतलं होतं. माघीचे खांदे हलले. “माघे, मी ते पत्र...”

“नका,” प्रतिभा म्हणाली.

“कट?” उमेशने विचारलं. कॅमेरा चालूच राहिला.

प्रतिभाने देवरामचे जोडलेले हात धरून खाली केले. मग ती माघीकडे वळली. घासूनपुसून लख्ख केलेली भाषा तिला सापडेना. आली ती ओहळापलीकडची, करवंदीच्या जाळीतली.

“माघीबाय, भाऊजींनी पत्र टाकलं व्हतं. मला मिळालं व्हतं. पारू जित्ती व्हती तवाच मिळालं. मी वाचलं, पर्समध्ये घातलं, न् गानी लावली.”