रानलसणीचा वास

काटा एकशे साठवर आला आणि थरथरू लागला... पण दंडाला आवळलेल्या पट्ट्यापेक्षा वर्लीनला छळत होता तो वास. डेल्फाच्या तोंडाचा, डोंगरात उगवणाऱ्या कच्च्या रानलसणीचा — आणि तोही परीक्षेच्या दिवशी! पन्नाशीची बाई नर्स व्हायला निघालीय, आणि जिचा रक्तदाब मोजून दाखवायचा त्या परीक्षक बाईच्याच, म्हणजे आपल्याच, नाकाशी अख्खा डोंगर घेऊन उभी.

“एकशे साठ, बाई. जास्त आहे. बरं नाही का वाटत?”

“आकडा सांगा. चौकशा नकोत.”

भिंतीवर नियमांचा कागद होता, वर्लीननं स्वतः लिहिलेला. उग्र वास आला तर परीक्षेला गैरहजर. डेल्फाच्या दोन गैरहजेऱ्या आधीच झाल्या होत्या, खाणीच्या धुळीनं फुफ्फुसं निकामी झालेल्या नवऱ्यापायी. तिसरी पडली की नाव कापलं, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. पडू दे! सरकारनं कॉलेज डोंगरात आणून दिलं, तरी हे लोक आपले जिथल्या तिथे...

हे लोक. आणि आपण कोण? आठ वर्षांची वर्लीन, रानलसूण खाऊन आलेली, डोंगरातल्या एप्रिलच्या गारठ्यात शाळेच्या व्हरांड्यात — “वास जाईपर्यंत बाहेरच बस,” शहरातून आलेल्या मास्तरीणबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, आणि आत पोरं फिदीफिदी हसली. घरी बाबा म्हणाले, खाल्ली तर खाल्ली, चोरी केलीस का? पण मी तेव्हा तोंड मिटलं ते मिटलंच. लसूण सोडली, बोलणं बदललं, गाव सोडलं. परत आले ती या कॉलेजात शिकवणारी बाई होऊन, आणि आईचं घर नऊ मैलांवर असून वर्षभर तिकडे फिरकले नाही.

“काल चर्चमध्ये लसणीचं जेवण होतं,” डेल्फा पट्टा सोडता सोडता म्हणाली. “सगळ्यांनी मिळून खाल्ली ना, की कुणाचा वास कुणाला येत नाही. लक्षातच राहिलं नाही बघा, तुम्ही नव्हता ते.” ती ओशाळून हसली. “आणि तुमच्या आईनंच वाढली हो. बटाट्यांबरोबर परतलेली, वर दोन कच्च्या. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तुमचं विचारत होत्या. म्हणाल्या, तिला सांग—”

“नियम वाचता येतात ना? बाहेर व्हा.”

“नाव कापलं जाईल माझं.”

“मग काल तोंड आवरायचं होतं.”

डेल्फानं पट्टा नीट गुंडाळून ठेवला, आणि ‘बाई’ सोडून घरचं नाव घेतलं. “आवरलं असतं गं, वर्ले. पण तुझ्यासारखं नाही जमत सगळ्यांना.”

ती गेली. दारही आपटलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

हजेरीच्या कागदावर ‘गैरहजर’ एवढा एकच शब्द लिहायचा होता. पेन हातात होतं, पण तोंडाला पाणी सुटलं होतं — लाज नाही मेल्या जिभेला! आईनं हिला वाढलं... आग्रह करकरून वाढलं असेल. आणि काय सांग म्हणाली? पावलं अजून व्हरांड्यात वाजत होती, हाक मारली असती तर डेल्फा वळली असती. निदान निरोप ऐकून घ्यायचा आणि मग हाकलायचं होतं मी... शी! हे आपल्याच मनात आलं, हे वर्लीनला कळलं, आणि डेल्फावर उगारलेला सगळा राग स्वतःवरच उलटला. व्हरांड्यातली पावलं विरली तरी कागद कोराच होता.